मशीनवर साडेबत्तीस, फीडरवर सव्वीस

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये किंवा सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत, जिथे मोठ्या मापाचं फॅब्रिकेशन चालतं, तिथे हा वाद कधी ना कधी होतोच. शेडच्या एका टोकाला वेल्डिंगचं मशीन उभं आहे. त्याच्या पडद्यावर ३२.५ व्होल्ट दिसतात. तिथून पन्नास मीटरवर, जॉबच्या म्हणजे जोडायच्या पोलादाच्या शेजारी, सुटकेसएवढा वायर फीडर ठेवलाय आणि त्याच्यावर आकडा आहे २६. वेल्ड एकच, क्षण तोच. सुपरवायझरला वाटतं, फीडरचं मीटर गेलं. वेल्डरला वाटतं, मशीनच चुकीचं दाखवतंय. मेंटेनन्सवाला येतो, आर्क म्हणजे वेल्डची ज्योत बंद असताना दोन्हीकडे बघतो, तर आकडे जवळजवळ सारखे! ‘दोन्ही मीटर ठीक आहेत’ असं सांगून तो निघून जातो. पुन्हा वेल्डिंग सुरू होतं आणि पुन्हा साडेसहा व्होल्टचा फरक पडतो.

मेंटेनन्सवाल्याचं म्हणणं खरं आहे. मीटर दोन्ही ठीक आहेत आणि दोन्ही आकडेही खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या जागा मोजत आहेत. व्होल्टेजचा आकडा समोर आला की तो कोणत्या दोन ठिकाणांमधला आणि कोणत्या वेळचा, हे विचारायची सवय लागली तर या वादातला बराचसा भाग आपोआप मिटतो. शिवाय त्या साडेसहा व्होल्टकडे ‘चूक’ म्हणून न बघता माहिती म्हणून बघता येतं. ती माहिती किती कामाची आहे, हे पुढे येईलच.

फीडर जॉबपाशी का न्यावा लागतो

आपल्याकडे ज्याला सर्रास सीओटू वेल्डिंग म्हणतात, त्यात रिळावरची बारीक वायर वेल्डरच्या हातातल्या टॉर्चमधून सतत पुढे सरकत असते. तीच वीज वाहून नेते आणि तीच वितळून सांध्यात भरते. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत ॲल्युमिनिअमच्या जोडकामासाठी विकसित झाली. तेव्हा वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवायला आर्गॉनसारखा महागडा वायू लागे. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी त्या जागी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि पोलादाच्या कामाला ही पद्धत परवडू लागली. कारखान्यांत तिचं नाव पडलं ते याच वायूवरून.

वायर पुढे ढकलणाऱ्या यंत्राला फीडर म्हणतात. त्यातली दोन-चार रोलरं वायर चिमटीत धरतात आणि टॉर्चच्या लांब नळीतून ती पुढे ढकलतात. १.२ मिमी जाडीची वायर तीन ते पाच मीटर नीट ढकलता येते. त्याहून लांब नळी केली की ती आत अडते, वाकते आणि रोलरपाशी तिचा गुंता होतो. त्यामुळे टॉर्च लांब करण्यापेक्षा फीडरच जॉबपाशी न्यावा लागतो.

लहान शेडमध्ये याचं काही विशेष वाटत नाही. पण पाण्याच्या टाकीचं कडं, शेडचे ट्रस, पुलाचे गर्डर किंवा मुकणे धरणातून विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे येते तशी मोठी जलवाहिनी, अशा कामांत वेल्डर दिवसभर पुढे सरकत राहतो आणि जड मशीन मागेच राहतं. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी पूल, पाणी आणि निवाऱ्याची कामं जिथे जिथे निघतील, तिथेही पोलाद जोडायचं म्हटलं की हेच अंतर आड येणार. मशीनपासून फीडरपर्यंत एक जाड केबल जाते. दुसरी, जिला सगळे अर्थ केबल म्हणतात, ती जॉबपासून मशीनकडे परत येते. ही परतीची केबल लोक हिशेबात धरत नाहीत. करंटला मात्र दोन्ही वाटा चालाव्या लागतात.

ठिबकवरचं गेज

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला व्होल्टेज समजवायला फार कष्ट पडू नयेत, कारण तो रोज दोन गेजं बघतो. विहिरीवरच्या पंपापाशी एक प्रेशर गेज असतं, बागेच्या टोकाला दुसरं. जमीन सपाट असेल आणि शेवटचा व्हॉल्व्ह बंद असेल, तर दोन्ही गेजं सारखाच दाब दाखवतात. पाणी भरलेलं आहे, पण वाहत नाही, म्हणून कुठेच काही खर्च होत नाही. व्हॉल्व्ह उघडला, सगळे ड्रिपर चालू झाले, की टोकाच्या गेजचा काटा खाली येतो. पाण्याला पाइपातून घासत जायला दाब खर्च करावा लागतो. पाइप जितका लांब, जितका बारीक आणि पाणी जितकं जास्त, तितका खर्च मोठा.

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, तोही नेहमी दोन ठिकाणांमधला फरक म्हणून मोजलेला. ॲम्पिअर म्हणजे प्रवाह. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम एवढाच सांगतो की केबलमध्ये खर्च होणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले केबलचा अडथळा, म्हणजेच रोध. प्रवाह शून्य, तर खर्चही शून्य. मेंटेनन्सवाल्याने आर्क बंद असताना दोन्ही मीटर तपासली आणि ती जुळली, त्याचं कारण इथे आहे. त्याची तपासणी चुकीची नव्हती. त्याने व्हॉल्व्ह बंद असतानाची गेजं पाहिली, आणि वाद होता तो व्हॉल्व्ह उघडल्यानंतरचा.

केबल किती खाते

आता साडेसहा व्होल्टचा हिशेब करून पाहू. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड अशा तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. ७० चौ. मिमी.ची वेल्डिंग केबल घेतली तर मीटरमागे ०.०००२४६ ओहम. आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे. पण जाताना ५० आणि येताना ५० अशी १०० मीटर केबल धरली की रोध ०.०२४६ ओहम होतो. त्यातून २५० ॲम्पिअर गेले की खर्च सुमारे ६.१ व्होल्ट.

उरलेले ०.४ व्होल्ट उष्णतेचे. तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. केबल ३५ अंशांवर असेल, तर खर्च बरोबर साडेसहा व्होल्टच्या आसपास येतो. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या साइटवर काळी रबरी केबल उन्हात पडलेली असते, शिवाय करंटने ती आतूनही तापते. म्हणून सकाळची सेटिंग तशीच ठेवूनही दुपारी फीडरचा आकडा किंचित उतरतो. मशीन बिघडलेलं नसतं.

| चौकट : २५० ॲम्पिअरला केबलमध्ये किती व्होल्ट खर्च होतात? |
|---|
| (तांब्याची केबल, ५० मीटर जाताना आणि ५० मीटर येताना, २० अंश सेल्सिअस) |
| ३५ चौ. मिमी. : सुमारे १२.३ व्होल्ट |
| ५० चौ. मिमी. : सुमारे ८.६ व्होल्ट |
| ७० चौ. मिमी. : सुमारे ६.१ व्होल्ट |
| ९५ चौ. मिमी. : सुमारे ४.५ व्होल्ट |
| केबल ॲल्युमिनिअमची असेल तर वरचे आकडे सुमारे १.६ पट धरावेत. करंट अर्धा केला की खर्चही अर्धा होतो. |

चौकटीतली ॲल्युमिनिअमची ओळ नजरेआड करू नये. हलकी आणि स्वस्त म्हणून साइटवर ॲल्युमिनिअमची केबल पुष्कळ दिसते. वरून रबर सारखंच असल्याने कळतही नाही. एक केबल तांब्याची आणि अर्थ केबल ॲल्युमिनिअमची, अशा जोडीत हिशेब हमखास फसतो.

फीडरचं मीटर कुठून कुठपर्यंत मोजतं

सगळ्या फीडरांचं मीटर एकाच पद्धतीने जोडलेलं नसतं, म्हणून इथे जरा थांबून बघावं लागतं.

एका प्रकारात मशीन ते फीडर अशी बारीक तारांची कंट्रोल केबल असते. रोलर फिरवणाऱ्या मोटरला वीज तिच्यातून मिळते, टॉर्चवरच्या स्विचचा संदेशही तिच्यातून जातो. अशा पुष्कळ फीडरांच्या पडद्यावर दिसणारा आकडा मशीनने स्वतःच्या टर्मिनलांवर मोजून पाठवलेला असतो. पडदा जॉबपाशी, पण मोजणी पन्नास मीटर मागे. अशा जोडणीत दोन्हीकडे ३२.५ दिसेल, सगळे समाधानी असतील आणि फीडरपाशी मात्र सव्वीसच पोहोचत असतील. दोन आकडे जुळले म्हणून निश्चिंत होणं इथे सर्वांत धोक्याचं आहे.

दुसरा प्रकार साइटसाठी खास बनवलेला. त्याला कंट्रोल केबल नसतेच, कारण उघड्यावर, गर्डरवरून ओढताना तुटते ती हीच. हा फीडर वेल्डिंगच्या केबलमधूनच स्वतःची वीज घेतो. वीज घ्यायला त्याला दोन टोकं लागतात. एक टोक म्हणजे मशीनकडून आलेली जाड केबल, दुसरं म्हणजे फीडरमधून निघालेली एक बारीक तार. तिला चिमटा असतो आणि तो जॉबला लावायचा असतो. मोटर याच जोडीवर चालते आणि मीटरही हीच जोडी मोजतं, म्हणजे फीडरमध्ये केबल जिथे बसते तिथपासून चिमटा जिथे लागलाय तिथपर्यंत.

या मापनात काय येत नाही ते पाहा. मशीनपासून फीडरपर्यंतच्या केबलचा खर्च मागेच राहिला. जॉबपासून मशीनकडे परतणाऱ्या केबलचा खर्चही आला नाही, कारण चिमटा जॉबवरच आहे. त्या बारीक तारेतून मोटरपुरते काही ॲम्पिअरच जातात, त्यामुळे तिचा स्वतःचा खर्च नगण्य. म्हणून या फीडरवरचे २६ व्होल्ट आर्कच्या बरेच जवळचे आहेत.

पण तेही अगदी आर्कचे नव्हेत. फीडरच्या पुढे टॉर्चची केबल आहे, तिच्या टोकाला वायर बाहेर सोडणारी टिप आहे. साडेचार मीटरच्या टॉर्चमध्ये २५० ॲम्पिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास जातो. टिप घासून सैल झाली असेल तर जास्त. मग टिपेच्या बाहेर लोंबणारा वायरचा तुकडा. तो १५-२० मिलिमीटरचाच असतो, पण १.२ मिमीची पोलादी वायर मुळात बारीक आणि तिथे ती लालबुंद तापलेली, त्यामुळे तेवढ्याशा तुकड्यात दोन-तीन व्होल्ट सहज खर्च होतात. ते वाया जात नाहीत, वायर वितळवायला मदतच करतात. तरी मीटर जेव्हा २६ म्हणतं तेव्हा खुद्द ज्योतीला त्यातले बावीस-तेवीसच मिळत असतात. कार्यपद्धतीच्या कागदावर, ज्याला डब्ल्यूपीएस म्हणतात, व्होल्टेज लिहितानाही आर्कचं शुद्ध व्होल्टेज कोणी लिहीत नाही. मोजता येईल अशा जागेचं लिहितात. म्हणून ती जागा ठरलेली असणं महत्त्वाचं.

स्विच दाबण्याआधीचा आकडा

नवशिक्या मुलाला सर्वांत जास्त गोंधळवतो तो आर्क पेटण्याआधीचा आकडा. फीडर जोडला, चिमटा लावला, अजून काहीच केलं नाही आणि पडद्यावर ७५! आयटीआयमध्ये तर सांगितलं होतं चोवीस-पंचवीस ठेवायचे.

हा व्हॉल्व्ह बंद असतानाचा दाब आहे. प्रवाह नाही, म्हणून मशीन आपला पूर्ण रिकामा दाब दाखवतंय. तो किती असेल हे मशीनच्या जातीवर ठरतं. काडीच्या वेल्डिंगसाठी बनवलेली रेक्टिफायर मशीनं करंट स्थिर ठेवतात. काडी चटकन पेटावी म्हणून त्यांचा रिकामा दाब ६० ते ८० व्होल्ट असतो. सीओटूची मशीनं व्होल्टेज स्थिर ठेवतात आणि त्यांचा रिकामा दाब सहसा बराच कमी असतो. आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाने डीसी मशीनसाठी रिकाम्या दाबाची कमाल मर्यादा ११३ व्होल्ट ठरवली आहे. तेव्हा ७५ हा बिघाड नाही. हे काडीचं मशीन आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र इथे एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. कंट्रोल केबल नसलेल्या फीडरला वीज सतत लागते, म्हणून मशीनपासून फीडरपर्यंतची केबल स्विच न दाबताही जिवंत असते. फीडरच्या आतला कॉन्टॅक्टर टॉर्चला वीज स्विच दाबल्यावरच देतो, पण मागची पन्नास मीटर केबल दिवसभर त्या ७५ व्होल्टवर असते. पावसाळ्यात इगतपुरीकडच्या साइटवर, चिखलात पडलेल्या आणि साल निघालेल्या केबलचा हाच धोका. काही मशीनांना रिकामा दाब उतरवून ठेवणारं सुरक्षा उपकरण असतं, व्हीआरडी म्हणतात त्याला. ते चालू असलं की हा फीडर बहुधा जागाच होत नाही, कारण चालण्यापुरता दाबच त्याला मिळत नाही. अशा वेळी साइटवर पटकन व्हीआरडी बंद करण्याचा मोह होतो. तो निर्णय वेल्डरने एकट्याने घ्यायचा नाही. ओली जागा, टाकीच्या आतलं काम असं काही असेल तर फीडरच दुसरा आणावा.

काडीच्या मशीनवर हा फीडर चालवला तर आणखी एक वागणूक दिसते. मशीन करंट स्थिर धरून बसतं, तेव्हा आर्कची लांबी सांभाळायचं काम फीडरला करावं लागतं. आर्क लांबला, व्होल्टेज चढलं, की फीडर वायरचा वेग वाढवतो. आखडला की कमी करतो. त्यामुळे आकडा आणि मोटरचा आवाज दोन्ही डोलत राहतात. फ्लक्स भरलेल्या जाड वायरला ते चालून जातं. साध्या भरीव वायरला मात्र व्होल्टेज स्थिर ठेवणारं मशीनच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर वेल्डर दिवसभर आकड्याच्या मागे धावतो आणि बीड, म्हणजे वेल्डची ओळ, तरीही एकसारखं येत नाही.

आर्क पेटल्यावर

आर्क पेटला की आकडा झपकन खाली येतो, पंचाहत्तरवरून सव्वीसवर. मग हे सव्वीस ठरवतं कोण?

हर्था एअर्टन या ब्रिटिश संशोधिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बनच्या कांड्यांमधल्या आर्कवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. रस्त्यांवर तेव्हा आर्कचे दिवे होते. ते फुत्कारत, मिणमिणत, आणि त्याचं कारण तिला शोधायचं होतं. १८९९ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची ती पहिली महिला सदस्य झाली आणि १९०२ मध्ये तिचा आर्कवरचा ग्रंथ आला. आर्कचं व्होल्टेज, लांबी आणि करंट यांचं नातं तिने सूत्रात बांधलं. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की करंट तोच ठेवून आर्क लांब केला तर व्होल्टेज वाढतं.

सीओटूच्या मशीनवर आपण हेच नातं उलट्या बाजूने वापरतो. व्होल्टेज बांधून दिलं की आर्क स्वतःची लांबी शोधतो. वायरचा वेग वाढवला की ती वितळवायला जास्त करंट ओढला जातो. म्हणजे व्होल्टेजच्या बटणाने आर्कची लांबी ठरते आणि वायरच्या बटणाने करंट. २५० ॲम्पिअरला एक-दोन व्होल्ट कमी पडले तर आर्क आखडतो, वायर जॉबवर ठोकरते, ठिणग्या उडतात, बीड उंच आणि दोरीसारखं अरुंद येतं. जास्त झाले तर बीड पसरट होतं, कडेला अंडरकट म्हणजे खाच पडते, वायूचं आवरण विस्कटून भोकं राहतात.

किती व्होल्ट हवेत याचा अंदाज बांधायला कारखान्यात एक सूत्र वापरतात. करंटला ०.०५ ने गुणा आणि १४ मिळवा. २०० ॲम्पिअरला २४, २५० ला २६.५. हे सूत्र मूळचं त्याच आयईसी मानकातलं. तिथे ते मशीनची चाचणी कोणत्या भारावर घ्यायची हे ठरवायला आहे, पण सुरुवात करायला बरं पडतं. ते लावायचं मात्र जॉबजवळच्या आकड्याला. लांब केबल असताना मशीनच्या पडद्यावर २६.५ लावून बसलेला वेल्डर प्रत्यक्षात वीसवर काम करत असतो. ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो. हा अन्याय मला फार खटकतो, कारण तो निव्वळ गुणाकार न केल्याने होतो.

पडद्यावरचा आकडा सरासरी असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. कमी व्होल्टेजच्या सीओटू वेल्डिंगमध्ये वितळता थेंब जॉबला टेकतो, क्षणभर शॉर्ट होतो, व्होल्टेज जवळजवळ शून्यावर जातं, मग थेंब तुटतो आणि आर्क पुन्हा उसळतो. सेकंदाला २० ते २०० वेळा हे घडतं. मीटर ही सगळी धावपळ सपाट करून एकच आकडा देतं. म्हणून आकडा स्थिर असूनही आवाज बिघडलेला असू शकतो, आणि अनुभवी वेल्डर कानावर जास्त विश्वास ठेवतो ते उगाच नाही. वेल्ड थांबल्यावर काही सेकंद पडद्यावर राहणारा आकडा हा शेवटच्या वेल्डची सरासरी असतो. काही फीडरांवर तो लुकलुकतो. तो बघून ‘आर्क बंद आहे तरी सव्वीस कसे?’ असं घाबरून जाऊ नये.

आणखी एक बारकावा. वेल्डरने टॉर्च एक सेंटिमीटर मागे धरली तर बाहेरची वायर लांबते आणि करंट उतरतो. समजा ४० ॲम्पिअर उतरला. केबलचा खर्च आता एका व्होल्टने कमी झाला, म्हणून फीडरचा आकडा उलट एका व्होल्टने चढतो! मशीनचा आकडा मात्र जागचा हलत नाही. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्याला वाटेल की वेल्ड जास्त गरम झालं. प्रत्यक्षात सांधा कमी खोल वितळलेला असतो. व्होल्टेज आणि करंट जोडीनेच वाचायला हवेत ते यासाठी.

फरकातून बिघाड शोधणं

ठिबकच्या सँड फिल्टरला दोन्ही बाजूंना गेज असतं. फरक वाढला की फिल्टर चोंदला, हे बागायतदार ओळखतो. मशीन आणि फीडर यांच्या आकड्यांमधल्या फरकाचा असाच उपयोग करता येतो, आणि माझ्या मते कंट्रोल केबल नसलेल्या फीडरवरच्या मीटरचं खरं मोल इथे आहे.

भंगाराच्या तुकड्यावर अर्धा मिनिट वेल्ड चालू ठेवावं. एकाने मशीनचे व्होल्ट, एकाने फीडरचे व्होल्ट आणि करंट एकाच वेळी वाचावा. फरकाला करंटने भागलं की दोन्ही केबलांचा मिळून रोध येतो. आपल्या उदाहरणात ६.५ भागिले २५० म्हणजे ०.०२६ ओहम. केबलच्या मापावरून तो अपेक्षितच होता. समजा ६.५ ऐवजी ९ चा फरक आला, तर जास्तीचे अडीच व्होल्ट कुठेतरी एका जागी खर्च होताहेत. अडीच व्होल्ट गुणिले २५० ॲम्पिअर म्हणजे ६२५ वॉट उष्णता, ती सगळी केबलच्या टोकावरच्या एका सैल लगमध्ये, एका काजळलेल्या सॉकेटमध्ये किंवा रंगावर लावलेल्या अर्थ क्लॅम्पखाली. ती जागा काही मिनिटांत इतकी तापते की सॉकेटचं प्लॅस्टिक मऊ होतं. हात लावून पाहू नये. मल्टिमीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवावं. वेल्ड चालू असताना नीट घट्ट जोडावर व्होल्टचा लहानसा अंशच दिसतो, दोषी जोडावर व्होल्ट दिसतात.

दोन खुणा वेगळ्या ओळखाव्यात. मशीनचा आकडा ठीक आहे, फीडरचा खाली गेलाय आणि स्थिर आहे, तर शोध केबल, लग आणि अर्थ क्लॅम्पमध्ये घ्यावा. फीडरचा आकडा मधूनच शून्यावर जातो, पडदा विझून पुन्हा लागतो, मोटर अडखळते, तर बहुधा बारीक तारेचा चिमटा गंजावर किंवा रंगावर बसलेला आहे. फीडर त्याच वाटेने वीज घेतो, म्हणून तो लगेच तक्रार करतो. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करून चिमटा तिथे, वेल्डच्या जवळ लावला की बहुतेक वेळा काम होतं.

काही आधुनिक मशीनं अशीच बारीक तार जॉबपर्यंत आणून केबलचा खर्च स्वतःच भरून काढतात. सोय उत्तम आहे. पण ती तार तुटली तर मशीनला जॉबवर दाब कमी आहे असं वाटू शकतं आणि ते व्होल्टेज चढवत नेऊ शकतं. अचानक आर्क लांब आणि मोकाट झाला तर आधी ती तार बघावी.

मल्टिमीटरबद्दल एक सूचना. त्याच केबलवर टिग वेल्डिंगचं मशीन चालू असेल, तर आर्क पेटवायला ते हजारो व्होल्टचे उच्च वारंवारतेचे झटके सोडतं. तेव्हा मल्टिमीटर जोडलेलं असेल तर ते जळतं, हातात धरणाऱ्यालाही धोका असतो.

वहीत काय लिहायचं

तपासनीस व्होल्टेजचा आकडा मागतो तो मुख्यतः सांध्यात किती उष्णता गेली हे काढायला. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर वेल्ड झालं. २६ व्होल्ट, २५० ॲम्पिअर आणि मिनिटाला ३०० मिमी धरले तर मिलिमीटरमागे १,३०० ज्यूल येतात. तेच मशीनवरचे ३२.५ घेतले तर १,६२५. कागदावर उष्णता २५ टक्क्यांनी वाढली. जास्त उष्णतेने चिवटपणा गमावणाऱ्या पोलादासाठी चांगला सांधा नापास ठरू शकतो. आणि कार्यपद्धती ठरवताना मशीनचा आकडा लिहिला असेल, काम करताना फीडरचा, तर उलट खराब सांधाही पास होऊ शकतो. म्हणून वहीत व्होल्टच्या रकान्याशेजारी ‘कुठे मोजले’ हा एक रकाना असावा. सोबत केबलची लांबी आणि जाडी लिहिली की सहा महिन्यांनी वही उघडणाऱ्यालाही आकडा वाचता येतो.

पल्स पद्धतीच्या मशीनवर मात्र एवढ्यानेही भागत नाही. तिथे करंट सेकंदाला अनेकदा उंच जातो आणि खाली येतो. समजा अर्धा वेळ ४०० ॲम्पिअर आणि ३४ व्होल्ट, अर्धा वेळ ६० ॲम्पिअर आणि २० व्होल्ट आहेत. मीटर सरासरी दाखवेल २३० ॲम्पिअर आणि २७ व्होल्ट. त्यांचा गुणाकार ६,२१० वॉट होतो. पण प्रत्येक क्षणाचा गुणाकार वेगळा करून मग सरासरी काढली तर खरी शक्ती निघते ७,४०० वॉट, म्हणजे १९ टक्क्यांनी जास्त. दोन्ही मीटर अचूक असतात, तरी उत्तर चुकतं, कारण सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे गुणाकारांची सरासरी नव्हे. बॉयलर आणि दाबाच्या टाक्यांच्या वेल्डिंगसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या एएसएमईच्या नवव्या विभागात २०१० मध्ये यासाठी तरतूद झाली. अशा मशीनांवर क्षणाक्षणाची शक्ती किंवा एकूण ऊर्जा मोजावी, असं तिथे सांगितलं आहे. त्यासाठी बनवलेल्या मशीन-फीडरांवर वेल्ड थांबला की किलोज्यूलचा आकडा येतो. त्याला वेल्डच्या लांबीने भागायचं, मग उष्णतेसाठी व्होल्ट आणि ॲम्पिअर वेगळे गुणावे लागत नाहीत.